पहिल्या लेव्हलला मरण्यात कसला आलाय पराक्रम?

कोपऱ्यातला बार्ड

परवा 'जुना खेळिया' यांनी एक पोस्ट टाकली. सार असं: डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये (डी अँड डी, फासे टाकत आपापलं पात्र खेळवायचा गोष्टीचा खेळ) पहिल्या लेव्हलला निदान दोन कॅरेक्टरं मेल्याशिवाय प्लेअर तयार होत नाही, आजकालच्या मुलांना पहिल्याच दिवशी सुपरहीरो व्हायचं असतं, आणि ज्यांना मरायचंच नाही त्यांनी खुशाल कादंबऱ्या लिहाव्यात. खाली नुसते अंगठेच अंगठे.

कादंबरीचा टोमणा मी गिळला असता. पण शेवटी "खेळ मुळात असाच होता" असं एक वाक्य ठोकून दिलंय, ते काही केल्या गिळवेना. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

१९८१ चं बेसिक घ्या, म्हणजे डी अँड डीचं नवख्यांसाठीचं नियमपुस्तक. मॅजिक-यूजरला, म्हणजे जादूगाराला, डी४ (चार बाजूंच्या फाशावर येईल तेवढे) एचपी, म्हणजे जीव; शून्याला खेळ खलास. व्हेरिएबल डॅमेजचा (शस्त्रागणिक वेगळी इजा) ऐच्छिक नियम नसेल तर सगळ्या शस्त्रांना डी६. कागद घेऊन मांडून बघा: एक वार बसला की मॅजिक-यूजर मरण्याची शक्यता ७५ टक्के. डी८ वाला फायटरसुद्धा एका वारात ४४ टक्के वेळा आडवा. भयंकरच आहे, वाद नाही.

पण त्याच पुस्तकात आणखी काय काय होतं? समोर आलेला राक्षस लढेलच असं नाही, त्यासाठी २डी६ चा रिअ‍ॅक्शन रोल. लढलाच, तर त्यांच्यातला पहिला पडल्यावर मोराल चेक, म्हणजे धीराचा फासा; धीर सुटला की ते पळाले. एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, मुख्यतः मिळवलेल्या सोन्याचे. फायटरला दुसऱ्या लेव्हलला २००० लागायचे आणि एक गोब्लिन मारून हाती पडायचे ५. म्हणजे लढण्यात फायदाच नाही. शिवाय पैसे मोजून रिटेनर (भाडोत्री सोबती) घ्यायचे आणि त्यांना पुढे चालवायचं. एवढं करूनही मेलात, तर ३डी६ सहा वेळा फेका, क्लास निवडा, सामान लिहा, चहा गार व्हायच्या आत नवा गडी हजर.

आता यातलं सगळं काढून टाका. राक्षस दिसला की "इनिशिएटिव्ह फेका", म्हणजे थेट लढाई. एक्सपी मारामारीचे, नाहीतर माइलस्टोन (गोष्टीतला टप्पा गाठला की लेव्हल). रिटेनर म्हटलं तर अर्ध्या टेबलाला माहीतच नाहीत. कॅरेक्टर बनवायला अख्खी संध्याकाळ, डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) आधी दोन पानं बॅकस्टोरी मागणार आणि तिच्यावर कॅम्पेन, म्हणजे अख्खी लांबलचक गोष्ट, बेतणार. आणि एवढं झाल्यावर म्हणायचं, मरण मात्र जुन्या मापाचं हवं. हे टी-ट्वेन्टीत फॉलोऑन मागण्यासारखं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. पाचव्या आवृत्तीचा (२०१४ ची) खेळ करताय, लांब कॅम्पेन आहे, तर तिसऱ्या लेव्हलला सुरू करा. डी अँड डीच्याच डार्क सन या जगाने १९९१ मध्येच सुरुवात तिसऱ्यापासून ठेवली होती, तेव्हा कुणी त्याला लाडावलेला खेळ म्हटलं नाही. २०१४ चं डीएम गाइड तर म्हणतं की सेशनच्या हिशोबाने लेव्हल देणार असाल तर पहिल्या सेशननंतर दुसरी द्या, पुढच्यानंतर तिसरी. दोन सेशनांत मागे टाकायच्या लेव्हलींवर एवढी निष्ठा कशाला?

जुना खेळिया

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

बार्डसाहेब, "लढण्यात फायदाच नाही" हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत की कौतुकाच्या? कारण तेच तर शिकवायचं असतं. तिसऱ्या लेव्हलचा फायटर २८ एचपी घेऊन येतो आणि दार दिसलं की लाथ मारतो. त्याने का म्हणून विचार करावा?

माझ्या टेबलावर एक चोर होता, एचपी २. खेळवणारा मुलगा कॉलेजचा, कधीही न खेळलेला. प्रत्येक फरशीवर आधी पखालीतलं पाणी ओतायचा आणि ते कुठे मुरतंय ते बघायचा. एका ठिकाणी पाणी सरळ रेषेत गायब झालं. खाली खड्डा. मग त्याने त्याच खड्ड्यावर कांबळं अंथरलं, स्वतःचं जेवण पलीकडे फेकलं आणि मागे लागलेले कोबोल्ड त्यात पडले. तलवार काढलीच नाही पठ्ठ्याने. फासाही फेकला नाही. त्याला २० एचपी दिले असते तर ही संध्याकाळ झाली असती का?

आणि माझ्या पोस्टमध्ये "सुपरहीरो" एवढंच होतं, "लाडावलेले" हा शब्द तुमचा.

नवखी ड्रुइड

चोराची गोष्ट छान आहे काका, पण माझी ऐका.

आयुष्यातलं पहिलं सेशन. रस्त्यावर मेलेले घोडे, झुडपात चार गोब्लिन (कुठलं अ‍ॅडव्हेंचर ते सगळ्यांना कळलंच असेल, नवख्यांच्या डब्यातलं). आम्ही सरप्राइझ्ड. माझी पाळी यायच्या आत दोन बाण, मी शून्यावर. डेथ सेव्ह (मरणाच्या दारातले फासे) तीन पास झाले, स्टेबल, म्हणजे मरण टळलं. आता डी४ तासांनी शुद्धीवर येणार. पार्टीत (आमच्या टोळीत) हीलिंग कुणाकडे? माझ्याकडे. हीलिंग वर्ड हा जखमा भरायचा मंत्र माझ्याच शीटवर (पात्राच्या कागदावर) लिहिलेला, आणि मी बेशुद्ध. बाकीचे गुहेपर्यंत जाऊन आले, मी सगळ्यांना चिवडा वाढत होते.

यातून मी काय शिकले म्हणाल तर चिवडा कमी पडतो. कुठली फरशी तपासायची होती मी?

गणिती गोब्लिन

आधी आकडे नीट करू, मग भांडू.

२०१४ चा गोब्लिन: +४ ने मारतो (वीस बाजूंच्या फाशात ४ मिळवून), डॅमेज १डी६+२. पहिल्या लेव्हलचा विझार्ड (जादूगार), कॉन (काटकपणा) १४, एचपी ८. एका साध्या बाणात आडवा व्हायला फाशावर ६ च हवा. जागच्या जागी मरायला एकूण १६ डॅमेज लागतं. क्रिटचं (फाशावर २० आला की डॅमेजचे फासे दुप्पट) कमाल होतं १४. म्हणजे एका बाणाने विझार्ड जागच्या जागी मरूच शकत नाही. नव्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलला आडवं पडणं सोपं आहे, मरणं बऱ्यापैकी अवघड. ड्रुइडताईंचं दुखणं नेमकं हेच: मेल्या असत्या तर नवं शीट तरी घेतलं असतं.

खरा खाटीक पुढच्या गुहेतला बगबेअर आहे. २डी८+२, आणि अचानक गाठलं तर वर २डी६. सरासरी १८. तो पहिल्या लेव्हलच्या पार्टीसमोर ठेवणाऱ्याला मात्र विचारायला हवं.

चौथी आवृत्ती जिंदाबाद

हे सगळं २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीत सुटलेलं होतं. विझार्डला १० अधिक अख्खा कॉन स्कोअर. फायटरला १५ अधिक कॉन. हीलिंग सर्ज (स्वतःची जखम स्वतः भरायची ताकद) सगळ्यांकडे, म्हणजे हीलर बेशुद्ध पडला तरी बाकीचे उभे. समोर मिनियन, १ एचपीवाले, त्यामुळे पहिल्याच दिवशी दहा जणांना लोळवल्याचं समाधान. पण नाही. तुम्हा लोकांना तो व्हिडिओ गेम वाटला. आता इतक्या वर्षांनी तेच प्रश्न घेऊन धागे काढा.

कोपऱ्यातला बार्ड

चौथीवाले आले. आता संध्याकाळपर्यंत बघायला नको.

चौथी आवृत्ती जिंदाबाद

मुद्दा खोडता येत नसेल तर माणसाला हसायचं. चालू द्या.

उंदीरमाऱ्या

तुम्ही सगळे डी अँड डीच्या बाहेर कधी डोकावता का? वॉरहॅमर, १९८६, तोही असाच पात्रांचा खेळ. करिअर फाशावर ठरतं. माझ्या वाट्याला उंदीर पकडणारा आला, सोबत छोटं पण चावरं कुत्रं. हाती तलवार नाही, जादू नाही. क्रिटिकल बसला की हात जातो. पण जोडीला फेट पॉइंट आहेत, खरोखर मरणार असाल तेव्हा एक खर्च करा आणि वाचा. नाजूकही आहे आणि डाव अर्ध्यावर मोडतही नाही. "नाजूक की दणकट" असा दोनच बाजूंचा प्रश्न करायची गरजच नाही.

ट्रॅव्हलर या अंतराळातल्या खेळात (१९७७) तर माणूस कॅरेक्टर बनवतानाच मरायचा, तेही ऐकून ठेवा.

अण्णा ओहायोवाले

मी ऐंशीच्या दशकात इकडे शिकायला आलो तेव्हा हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये डी अँड डीचा लाल डबा उघडून बसलेली पोरं होती, त्यांनी मला ओढून बसवलं. त्या १९८३ च्या डब्यात नवख्याने एकट्याने खेळायची एक गोष्ट आहे. त्यात अलीना नावाची क्लेरिक (पुजारीण) तुम्हाला भेटते, मदत करते आणि बार्गल हा दुष्ट जादूगार तिला मारतो. म्हणजे या जगात माणूस मरतो हे शिकवलं, पण शिकणाऱ्याला न मारता. मला ती युक्ती अजून आवडते.

आता "मुळात" म्हणाल तर १९७४ च्या, पहिल्यावहिल्या डी अँड डीच्या तीन पुस्तिका बघा. त्यांच्या मागे १९७१ चं चेनमेल, म्हणजे सैन्याच्या लढाया. चौथ्या लेव्हलचा फायटर तिथल्या हीरोच्या बरोबरीचा, आणि हीरो चार माणसांइतका लढायचा. तेव्हा पहिल्या लेव्हलचा म्हणजे साधारण एक माणूस. एक वार, एक माणूस गेला. हा हिशोब टेबलावर शेकडो प्यादी मांडणाऱ्यांनी केलेला होता. तो कुणी नीतिशिक्षण म्हणून केला नव्हता, खेळिया.

पुढे १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात खेळाचा जनक गायगॅक्स यानेच लिहिलं की जगायचं असेल तर निदान दोन अ‍ॅबिलिटी (ताकद, काटकपणा असे गुण) १५ किंवा वर असणं बहुतेक आवश्यकच आहे. मूळ पुरुषालाच चार वर्षांत फुटक्या कॅरेक्टरांचा कंटाळा आला होता.

जुना खेळिया

अण्णा, १५ असले तरी एचपी तेवढेच राहायचे हो. कॉन १५ ला +१. त्याने मॅजिक-यूजर दणकट होत नाही.

ठाणेकर डीएम

वाचून हसू आलं. केवढी चर्चा! अरे, डीएमचे फासे झाकायचा पडदा कशाला असतो? पहिल्या लेव्हलला गोब्लिनचा क्रिट आला की मी "आठ डॅमेज" म्हणतो आणि पुढे जातो. वर्षानुवर्षं चालवतोय, पहिल्या लेव्हलला माझ्याकडे एकही कॅरेक्टर मेलं नाही, आणि टेबलावर कुणाला संशयही आला नाही. तिसऱ्या लेव्हलला सुरू करायची गरज नाही, एचपी वाढवायची गरज नाही. डीएमने डोकं वापरायचं.

जुना खेळिया

मग फासे कशाला फेकता? आवाज चांगला येतो म्हणून?

ठाणेकर डीएम

लोकांना थरार हवा असतो. मरण नको असतं. मी थरार देतो.

जुना खेळिया

खोटा थरार.

ठाणेकर डीएम

नाटकाला जाता तेव्हा स्टेजवरचा माणूस खरोखर मेला नाही म्हणून तिकिटाचे पैसे परत मागता का?

पेटती मशाल

एक मिनिट. ठाणेकर दादा, तुम्ही तेच ना, दर रविवारी दुपारी, खिडकीत कॅक्टस?

मी दोन वर्षं तुमच्या टेबलावर होते. माझं पात्र रोग, म्हणजे चोर, एसी १४ (मला लागायला फाशाची एवढी बेरीज हवी), एचपी ९. लाकडी पुलावर ओगर (धिप्पाड राक्षस) आडवा आला होता. बाकीचे पळाले, मी दोरखंड कापायला थांबले. तुम्ही पडद्यामागे फासा फेकलात, वर बघितलंत आणि म्हणालात, "एकाने चुकला." मी दोर कापला, ओगर खाली. सगळे ओरडले. ते शीट मी प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये घालून ठेवलंय. अजून नव्या लोकांना ती गोष्ट सांगते.

तो एकाने चुकला होता का?

ठाणेकर डीएम

अगं मशाल! तू होय! कशी आहेस? कॅक्टस गेला.

पेटती मशाल

चुकला होता का?

ठाणेकर डीएम

हे बघ, असं कधी कुणाला सांगायचं नसतं. चुकला होता म्हटलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस, नव्हता म्हटलं तर एक छान आठवण जाईल. तू थांबलीस, बाकीचे पळाले, ते तर खरंच होतं ना? ते मी थोडंच फेकलं होतं?

पेटती मशाल

मी थांबले कारण मला वाटलं की मरू शकते. तुम्हाला तेव्हाच माहीत असेल की ही मरणार नाही, तर मी तिथे काय केलं? तुमच्या गोष्टीत उभी राहिले, बास.

जुना खेळिया

मशालताई, या माझ्या टेबलावर. फासे सगळ्यांसमोर पडतात.

ठाणेकर डीएम

जाशील तर चार शीट लिहून घेऊन जा. आणि खेळिया, तुमच्या टेबलावर मागच्या वर्षीचे किती लोक उरलेत तेही सांगा की. फासे समोर पडत असतील, पण समोर बसायला माणसं नकोत का?

बाळूचा बाप

उरलेल्यांपैकी मी नाही, सोडलेल्यांपैकी आहे, म्हणून बोलतो. खेळियांबद्दल राग नाही, माणूस उत्तम, चहा उत्तम, नकाशे तर असे की फ्रेम कराव्यात.

पण काय होतं सांगतो. माझा पहिला फायटर होता बाळकृष्ण ऑफ सहा ओळींची बॅकस्टोरी. बहिणीला शोधायला निघालेला. विषारी सुई, सेव्ह (वाचायचा फासा) गेला, मेला. दुसऱ्याचं नाव बाळू. कोळ्याने खाल्ला. तिसरा बाळू ३. चौथ्याला मी नावाच्या रकान्यात "तोच" एवढंच लिहिलं. बहिणीचं काय झालं ते कुणीच विचारलं नाही, मीही नाही. एका रात्री घरी जाताना लक्षात आलं की आपण कुणासाठी खेळतोय हेच माहीत नाही, आणि मग शनिवारी दुसरी कामं निघायला लागली.

विचार करायला शिकवतो म्हणता ना, तो विचार म्हणजे "पुढे कुणाला पाठवायचं" एवढाच उरतो.

जुना खेळिया

बाळू ३ पाचव्या लेव्हलपर्यंत गेला होता ते सोयीस्करपणे गाळलंत. आणि टेबलावर अजून कुणाचं नाव निघतं विचारा. बाळू ३. बॅकस्टोरीवाल्या बाळकृष्णाचं नाही. त्याला विहिरीतल्या घंटेची युक्ती सुचली होती, ती तुमची होती, शीटवर लिहिलेली नव्हती.

बाळूचा बाप

घंटेचं आठवतंय तुम्हाला? बरं. ते मान्य. घंटा भारी होती.

पण दोन मेल्यावर तिसरा भारी निघतो, तोवर माणसाने थांबायचं कशासाठी?

कोपऱ्यातला बार्ड

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत मूळ मुद्द्यावर येऊ या का? ठाणेकरांना सगळे धोपटताहेत, पण तो माणूस फासे का बदलतो? पहिल्या लेव्हलची चौकट पाचव्या आवृत्तीच्या खेळाला पेलत नाही म्हणून. तिसऱ्या लेव्हलला सुरू केलं असतं तर ओगर खुल्या फाशाने खेळवता आला असता. खोटेपणा दुरुस्तीसाठी आलाय. मूळ बिघाड दुरुस्त करा.

ठाणेकर डीएम

माझी बाजू घेतलीत की मला खोटारडा म्हणालात?

कोपऱ्यातला बार्ड

दोन्ही.

अण्णा ओहायोवाले

खेळिया, खुल्या फाशाचा एवढा अभिमान असेल तर १९७९ चं डीएम गाइड काढा, फासे आणि खेळावरचं नियंत्रण याबद्दलचा भाग. गायगॅक्स स्पष्ट सांगतो की प्लेअरने सगळं बरोबर केलं, सगळी काळजी घेतली आणि तरी एखाद्या विचित्र फाशाने तो मरतोय, तर डीएमला हस्तक्षेपाचा अधिकार आहे. बेशुद्ध कर, हात जाऊ दे, डोळा जाऊ दे, पण मारायलाच हवं असं नाही. तुमच्याच पोथीत ठाणेकर बसलेत.

जुना खेळिया

तो भाग मला पाठ आहे अण्णा, आणि तुम्ही अर्धाच वाचलात. त्याच्या आधीचं वाक्य असं आहे की एकंदरीत अशा गोष्टी होऊ द्याव्यात, कारण पुढे कधीतरी प्लेअरही अशाच विचित्र फाशाने राक्षस मारतील. आणि हस्तक्षेप केलात तरी शिक्षा सोडायची नाही. हात गेला, डोळा गेला. ठाणेकर काय करतात? "आठ डॅमेज." हात जातो का? कॅक्टससुद्धा गेला, पण रोगचा हात नाही गेला.

अण्णा ओहायोवाले

हं. शिक्षेचं बरोबर आहे तुमचं. हात जायला हवा होता.

पेटती मशाल

अहो, माझा हात का कापताय सगळे मिळून?

उंदीरमाऱ्या

वॉरहॅमरमध्ये गेला असता. टेबल आहे त्याला. आणि फेट पॉइंट सगळ्यांसमोर खर्च होतो, पडद्यामागे नाही. मी वर हेच लिहिलं होतं, कुणी वाचलं नाही.

गणिती गोब्लिन

वाचलं. फेट पॉइंट म्हणजे ठाणेकरांचा पडदाच, फक्त चावी प्लेअरच्या हातात. मला चालेल.

बार्डच्या मुद्द्याबद्दल: तिसऱ्या लेव्हलने प्रश्न पुढे सरकतो, सुटत नाही. २८ एचपी दिसले की डीएम ओगरच्या जागी दोन ओगर ठेवतो. मी स्वतः ठेवतो.

कोपऱ्यातला बार्ड

ठेवा ना. पण २८ एचपीवाला एक वार खाऊन "पळा" म्हणू शकतो. ९ वाल्याला ते म्हणायला तोंडच उरत नाही. माझी सगळी मागणी त्या एका वाराची आहे: पहिला बसला तर दुसरा बसायच्या आत प्लेअरला एक निर्णय घेता यावा. खेळियांच्या चोराने पाणी ओतलं कारण खड्ड्याने त्याला वेळ दिला. ड्रुइडताईंना झुडपाने दिला नाही. फरक एचपीचा कमी आहे, वेळेचा जास्त.

जुना खेळिया

हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी एवढा भडकलो नसतो. झुडपातले चार गोब्लिन, सरप्राइझ, नवखी पार्टी, हे मीही चालवणार नाही. निदान धूर दिसायला हवा, निदान घोडे हिनहिनायला हवेत. ते वाईट डीएमिंग आहे.

नवखी ड्रुइड

पुस्तकात छापलेलं आहे काका ते. नवख्यांच्या डब्यात.

जुना खेळिया

मग पुस्तकही वाईट.

चौथी आवृत्ती जिंदाबाद

हे वाक्य मी कापून ठेवतोय.

बाळूचा बाप

फनेल कुणीच कसं काढलं नाही? डन्जन क्रॉल क्लासिक्स, २०१२. प्रत्येकाला तीन-चार खेडूत, डी४ एचपी, एकाच्या हातात कोंबडी, एकाच्या हातात पिचफोर्क. रात्रभरात बहुतेक मरतात, जो उरतो तो पहिल्या लेव्हलचा. मी खेळलो, धमाल आली. माझ्याच चार बाळूंची गोष्ट आहे ती, पण एका संध्याकाळीत, आणि बहीण वगैरे भानगड नंतर.

जुना खेळिया

म्हणजे माझ्या टेबलावर एका वर्षात जे झालं ते चार तासांत झालं तर आवडतं.

बाळूचा बाप

हो. अगदी तेच म्हणतोय.

कोपऱ्यातला बार्ड

फनेलला माझाही विरोध नाही. तिथे नाजूकपणासोबत त्याचं सगळं बिऱ्हाड येतं: चार शीट, बॅकस्टोरी शून्य, मेला तर पुढचा तयार. माझं भांडण बिऱ्हाड मागे ठेवून नुसता नाजूकपणा आणणाऱ्यांशी आहे. खेळिया, तुम्ही निदान रिअ‍ॅक्शन रोल फेकता का? खरं सांगा.

जुना खेळिया

फेकतो. मोरालसुद्धा. सोन्याचे एक्सपीही देतो. बाळूला विचारा.

बाळूचा बाप

देतात. कोळ्याने रिअ‍ॅक्शन रोलवर २ फेकला होता, म्हणजे थेट हल्ला, आमचं नशीब.

कोपऱ्यातला बार्ड

मग तुमच्या टेबलाबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या पोस्टला अंगठा देणाऱ्या त्या पंचवीस जणांबद्दल आहे, ते पाचवी आवृत्ती उघडतात, यातलं काही फेकत नाहीत आणि तुमचं वाक्य फेकतात.

जुना खेळिया

त्यांच्यासाठी मी जबाबदार नाही. बरं, एक तडजोड. तिसऱ्याला सुरू करा, पण दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलचे एचपी फाशाने. सरासरी घ्यायची नाही.

कोपऱ्यातला बार्ड

१ आला तर परत फेकायचा.

जुना खेळिया

नाही.

कोपऱ्यातला बार्ड

१९८१ च्या बेसिकमध्ये पहिल्या लेव्हलला १ किंवा २ आला तर परत फेकू द्यायची मुभा आहे. तुमचंच पुस्तक.

जुना खेळिया

ऐच्छिक आहे ती. आणि पहिल्याच लेव्हलला. तुम्ही ती लेव्हल आत्ताच उडवलीत.

पेटती मशाल

ठाणेकर दादा, मी अजून इथेच आहे.

ठाणेकर डीएम

अगं, चुकला गं तो. तुझा एसी १४, त्याचे एकूण १३ झाले. आता आठवलं. पुढच्या रविवारी ये, पडदा काढून ठेवतो.

गणिती गोब्लिन

ओगरला +६. एकूण १३ म्हणजे फाशावर बरोबर ७. वीसमधला एकच आकडा, ५ टक्के. शक्य आहे. फक्त सांगितलं.

ठाणेकर डीएम

तुला कुणी विचारलं होतं रे?